अमरावतीत ऐकू आलेला दीपस्तंभ

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला तिचा बराचसा भाग माहीत आहे, पण तोही मी आपणहून सांगितला म्हणून नव्हे — ती त्यात सामील होती म्हणून. भावाला सांगितली नाही, मुलांना नाही, आणि ज्यांना सांगायला हवी होती त्यांना तर नाहीच. आता तुम्ही समोर बसलाच आहात आणि वयानं मला थोडा धीटपणाही आलाय. धीटपणा की निर्लज्जपणा, ते विचारू नका. सांगतो. पण एकदम मुद्द्यावर येणं मला जमणार नाही. थोडं आजूबाजूनं जाऊ द्या.

मी अमरावतीला शाळेत विज्ञान शिकवायचो. राहायला राजापेठेत. सन पन्नासच्या पुढची ती वर्षं. लोक तेव्हा रेडिओ घ्यायचे तो गाणी ऐकायला, बातम्या ऐकायला, कापसाचे भाव ऐकायला. मी घेतला होता तो जे ऐकू येत नाही ते ऐकायला. हसू नका, हा खरोखरीचा छंद आहे. रेडिओवर दूरदूरची केंद्रं पकडायची. काय ऐकलं, किती वाजता ऐकलं, किती स्पष्ट ऐकलं ते लिहून त्या केंद्राला कळवायचं. आणि त्यांनी “होय, ते आमचंच” म्हणून उलट पत्र धाडलं की ते काचेत लावायचं. या छंदात जे स्वच्छ ऐकू येतं त्याची किंमत शून्य. जितकी खरखर जास्त तितकी इज्जत जास्त.

त्यातही माझी खोड दीर्घ लहरींची. तिथे गाणी नाहीत, बातम्या नाहीत, माणसाचा आवाजच नाही. तिथे असतात ते जहाजांना आणि विमानांना वाट दाखवणारे खुणेचे आवाज. कुठल्याशा विमानतळावरचं, कुठल्याशा दीपस्तंभावरचं एखादं यंत्र आपल्या नावाची दोन-तीन अक्षरं तारेच्या कडकट्ट भाषेत पुन्हा पुन्हा वाजवत राहतं. दिवसभर, रात्रभर, बारा महिने. मी इथे आहे, मी इथे आहे — बस, एवढंच. बायकोला हे समजावून सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, “अन् थे आयकून तुमी काय करता?” या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

माझं यंत्र होतं लष्करी. लढाई संपल्यावर लिलावात निघालेलं. हिरवं, लोखंडी, दोन माणसांनी उचलायचं. घरात आलेला पाहुणा आधी त्याला तिजोरी समजायचा आणि माझ्याबद्दलचं त्याचं मत सुधारायचं. मग मी ते चालू करायचो आणि मत पूर्ववत व्हायचं. त्याला जोडलेली तांब्याची तार तीन घरांच्या गच्च्यांवरून गेली होती. लंगूर तिच्यावर झोके घ्यायचे. शेजारचे वकील लुगडी वाळत घालायला परवानगी मागायचे. यंत्राची दुसरी तार न्हाणीमागच्या खड्ड्यात, मीठ आणि कोळशाच्या थरात पुरलेल्या तांब्याच्या पत्र्याला. तो खड्डा ओला राहिला तरच आवाज नीट येतो. अमरावतीचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. नळाला अर्धा तास पाणी, त्यासाठी बायका पहाटेपासून रांगेत, आणि मी दोन बादल्या पाणी जमिनीत ओततो आहे. त्या दिवसांत बायको माझ्याशी फार थोडं बोलायची, आणि जे बोलायची ते शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं.

आता माझ्या पापाकडे येतो — म्हणजे पहिल्या पापाकडे. दुसरं मोठं आहे.

देशभरातल्या आमच्यासारख्या वेड्यांसाठी एक सायक्लोस्टाइल पत्रक निघायचं. मुंबईचे एक गृहस्थ ते पदरमोड करून चालवत. त्यात यादी असायची — कुणी किती केंद्रं ऐकली. पंचेचाळीस-पन्नास नावं. माझं नाव शेवटून दुसरं. शेवटच्या माणसाचं निधन झालं होतं. आदरापोटी त्याचं नाव ठेवलं होतं. म्हणजे जिवंत माणसांत शेवटचा मीच. वर्षानुवर्षं हे वाचून माणसाचं काय होत असेल? तुम्हीच सांगा. नको, सांगू नका. मी सबब शोधू लागलोय.

महासागरातल्या एका बेटावर एक दीपस्तंभ होता. त्याच्या खुणेचा आवाज किनाऱ्यावरच्या दोघांनी ऐकला होता. देशाच्या पोटात कुणीच नाही. मी लागोपाठ अकरा पहाटे त्याच्यासाठी बसलो. आवाज आला नाही. किंचितसा आल्यासारखा वाटला — असं म्हणायची सोय आहे, पण तेही खरं नाही. काहीही आलं नाही. बाराव्या दिवशी मी कागद घेतला आणि लिहिलं की ऐकू आला. दीपस्तंभाची अक्षरं खलाशांच्या पुस्तकात छापलेली असतातच. वेळ लिहिली, “अत्यंत क्षीण, परंतु निःसंशय” असं लिहिलं, मुंबईच्या पत्रकाला पत्र टाकलं आणि शाळेत जाऊन सत्यमेव जयतेच्या फळ्याखाली तास घेतला.

पत्रकात माझं नाव पहिल्या पानावर आलं. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर जाहीर केलं की आपल्या मास्तरांनी समुद्रातला दिवा अमरावतीत बसून ऐकला. दिवा ऐकतात कसा, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. टाळ्या झाल्या. मला वाटलं, झालं ते झालं, कुणाचं काय बिघडलं?

पंधरा दिवसांनी अकोल्याहून एक कार्ड आलं.

लिहिणारे तायडे. अकोला स्टेशनवर तारबाबू. गाड्यांच्या सुटण्याच्या, पोचण्याच्या, उशिराच्या तारा घेणं आणि देणं हे त्यांचं काम. अक्षर मोत्यासारखं. लिहिलं होतं की मीही हाच छंद करतो, वऱ्हाडात आपल्यासारखं कुणी आहे हे ठाऊक नव्हतं, त्या बेटासाठी मीही कान लावून बसतो पण येत नाही, तेव्हा आपण तार कशी बांधली ते कृपया कळवावं. मी उत्साहानं चार पानं लिहिली. तारेबद्दलचं सगळं त्यात खरं होतं.

अशी आमची दोस्ती झाली. ते अमरावतीला यायचे, मी अकोल्याला जायचो. त्यांच्यासारखा कान मी दुसरा पाहिला नाही. स्टेशनच्या खोलीत तीन यंत्रं एकदम कडकडत असताना हे माझ्याशी मुलांच्या परीक्षेबद्दल बोलत असत आणि मध्येच हात लांबवून तिसऱ्या यंत्रावरची तार उतरवून घेत. भुसावळच्या कुठल्या बाबूचा हात आज दुखतो आहे, ते त्यांना कट्टकट्ट ऐकून कळायचं. छप्पन्न साली त्यांनी आईवडलांसकट दीक्षा घेतली होती. ते पंचशील मनावर घेणारे होते. बाकीची चार शीलं पाळणं सोपं आहे, मास्तर, असं ते एकदा मला म्हणाले. खोटं न बोलणं हे अवघड, कारण खोटं माणूस आधी स्वतःशीच बोलतो. मी मान डोलावली. मी काय करणार होतो?

त्यांची एक वही होती. रोज पहाटे पाच वाजता ते यंत्रापुढे बसत आणि त्या बेटाच्या आकड्यावर काटा लावत. वहीत तारीख आणि पुढे दोन शब्द: आलं नाही. पानामागून पानं — आलं नाही, आलं नाही, आलं नाही. तीन हिवाळे. असा आवाज थंडीतच, पहाटेच यायचा तर येतो. उन्हाळ्यात नुसता कडकडाट. त्यांनी तार लांबवली, उंच केली, दिशा बदलली. माझ्या सल्ल्यानं खड्डा खणून मीठ पुरलं. घरमालकाची तुळस त्यात गेली. मी दर वेळी नवा सल्ला द्यायचो, आणि खरं सांगू? सल्ले देताना मला बरं वाटायचं. आपण त्या बेटाचे जुने जाणकार आहोत असं हळूहळू मलाच पटू लागलं होतं.

पहिल्याच हिवाळ्यात एकदा ते म्हणाले होते, “मास्तर, मले एकडाव तुमच्या मशिनीवर आयकू द्या. मंग समजते, खोट माह्या मशिनीत हाय का माह्या गावात.”

बोलणं अगदी शास्त्रशुद्ध. विज्ञानाचा मास्तर नाही कसा म्हणणार? पण मी म्हणालो. सासूबाई आजारी आहेत. रेडिओचा व्हॉल्व गेलाय. लंगुरांनी तार तोडली. दोन हिवाळे मी सासूबाईंना आलटून पालटून आजारी पाडलं. त्या चांगल्या ठणठणीत वरूडला संत्र्याच्या बागेत राबत होत्या. तिसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, तायडेबाबूंचं कार्ड आलं: शनिवारी संध्याकाळी येतो, रविवारी पहाटे ऐकू, रजा मंजूर झाली आहे. परतीच्या टपालाला वेळच ठेवला नव्हता.

मी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडून झाल्यावर म्हणाली, “अवो, आलंच नव्हतं म्हनून सिद्धं सांगून द्या ना. त्याइले जेऊ घाला, माफी मांगा, न् द्या धाडून.”

पाहा, किती सोपं होतं. चार शब्दांचं काम. ती दर वेळी असलं काही सोपं सांगते, आणि मी दर वेळी काहीतरी अवघड करून ठेवतो. मी तिला म्हणालो, तुझा ग्रामोफोन दे.

ग्रामोफोन तिच्या वडलांनी लग्नात दिलेला, चावीचा. मी त्याच्या मधल्या दांडीवरून दोऱ्याचा पट्टा काढला आणि त्यानं एक मोठं चाक सावकाश फिरेल अशी सोय केली. चाक म्हणजे पाय मोडलेला जुना पोळपाट. त्याच्या कडेला पितळी पत्र्याचे तुकडे ठोकले — लांब, आखूड, आखूड, अशा त्या दीपस्तंभाच्या अक्षरांच्या हिशेबानं. एक पत्ती त्यांवर घासत जाईल, आणि ती घासली की एका व्हॉल्वचं छोटंसं यंत्र रेडिओच्या त्याच आकड्यावर बारीक शीळ घालील. शीळ आमच्या ओट्यापलीकडे जाणार नाही एवढीच. तरी बेकायदा होतीच, पण त्या आठवड्यात कायदा माझ्या काळज्यांत शेवटचा होता. हातानं वाजवायचा प्रश्नच नव्हता. तायडेबाबूंनी दोन अक्षरांत ओळखलं असतं की हा मनुष्याचा हात आहे, आणि तिसऱ्या अक्षरात, की तो माझा आहे.

शुक्रवारी रात्री मी कानावर हेडफोन लावून ते ऐकलं. बेट आलं. सात समुद्रांपलीकडून, खरखरीच्या तळाशी, बारीक, नियमित. तुम्हाला सांगतो, माझे डोळे भरून आले. तीन वर्षं खोटं बोलत होतो, आणि पहिल्यांदाच कळलं की ते खरंच ऐकू आलं असतं तर कसं वाटलं असतं.

ग्रामोफोनला दर तीन मिनिटांनी चावी द्यावी लागते. ते काम स्वयंपाकघरात बायकोनं करायचं ठरलं. तिनं अट घातली. “चावी देईन मी. पन खोटं बोलनार नाई. भाऊजीनं इचारलं, तं खरं सांगून टाकीन.” मी कबूल केलं. दुसरा इलाज नव्हता.

तायडेबाबू आले ते अंगावर धुतलेला कोट घालून, देवदर्शनाला निघाल्यासारखे — त्यांना ही उपमा आवडली नसती, पण तसेच दिसत होते. रात्री लवकर झोपले. पहाटे मी उठवायच्या आत अंघोळ करून यंत्रासमोर बसलेले. वही उघडी, पेन्सिलीला टोक, घड्याळ स्टेशनच्या घड्याळाशी मिळवलेलं. हेडफोन एकच होता. तो मी त्यांना दिला. पाच वाजून दोन मिनिटांनी मी खोकलो. आतून चावी दिल्याचा आवाज आला आणि तो झाकायला बायकोनं भांडं आपटलं.

तायडेबाबूंनी काटा इकडे नेला, तिकडे नेला आणि थांबले. चेहऱ्यावर काहीच नाही. त्यांनी डोळे मिटले. पेन्सिल आपोआप चालू लागली — तीच तीन अक्षरं, पुन्हा तीच, पुन्हा तीच. एक पान भरलं. दुसरं भरत आलं. मी मनात चाव्या मोजत होतो. चौथी चावी द्यायची वेळ झाली आणि दारात गवळी ओरडला.

गवळी आमच्याकडे कधी साडेपाचच्या आधी आला नव्हता. बायको दूध घ्यायला गेली. जायलाच हवं होतं, तो दारात भांड्यावर नाणं वाजवत उभा राहायचा. इकडे पोळपाट मंदावू लागला. मला हेडफोनशिवायही ते कळत होतं, कारण तायडेबाबूंची पेन्सिल मंदावत होती. लांब आवाज फार लांब झाले. आखूड आवाज लांब झाले. शेवटी तो दीपस्तंभ झोप लागलेल्या माणसासारखा बोलू लागला. तायडेबाबूंनी डोळे उघडले.

“मंदावून राहिलं, मास्तर.”

मी म्हणालो, वातावरणाचा परिणाम. विज्ञानाचा मास्तर मी. वातावरणानं आवाज बारीक होतो, विरतो, पण सावकाश होत नाही, हे सातवीच्या मुलालाही सांगता येतं. तायडेबाबूंना तर माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं, वेळ लिहिली, पुढे लिहिलं: वेग कमी. तेवढ्यात बायको परतली असावी आणि तिनं रागाच्या भरात चावी दिली असावी, कारण दीपस्तंभ एकदम पाठीत धपाटा बसल्यासारखा पळू लागला. तायडेबाबूंनी तीही वेळ लिहिली: वेग पूर्ववत.

वीस मिनिटांनी मी दुसरा ठरलेला खोकला काढला. आवाज बंद झाला. ते हेडफोन काढून हातात धरून बसले. मग म्हणाले, “तीन हिवाळे, मास्तर,” आणि कोटाच्या बाहीनं डोळे पुसले. मी खिडकी उघडायला उठलो. खिडकी उघडीच होती.

नंतर पोहे खाताना त्यांनी विचारलं, वहिनी, तुम्ही कधी ऐकलं का हो हे? मी पोह्यांतल्या मिरच्या बाजूला काढू लागलो. बायको म्हणाली, “मले सैपाकघरातून उसंत भेटते काय, भाऊजी?” आणि आत गेली. यात खोटं काही नव्हतं. तिनं शब्द पाळला.

मग त्यांनी अहवाल लिहिला, एक प्रत पत्रकाला, एक दीपस्तंभवाल्यांना, आमच्याच ओट्यावर बसून. सगळं लिहिलं — मंदावल्याची वेळ, पूर्ववत झाल्याची वेळ. मी म्हणालो, तेवढं गाळा की. ते म्हणाले, जे ऐकलं ते ऐकलं. आणि साक्षीदार म्हणून माझी सही मागितली. मी केली. तीन वर्षांपूर्वीचं खोटं मी एकट्यानं, दार लावून बोललो होतो. हे दिवसाढवळ्या, फौंटनपेननं, मित्राच्या नावाखाली.

फेब्रुवारीच्या पत्रकात त्यांचं नाव माझ्या शेजारी आलं. त्यांनी अकोल्याच्या स्टेशनवर पेढे वाटले. मला वाटलं, बघा, किती आनंद झाला माणसाला. माझ्या एका लहानशा लबाडीनं कुणाचं वाईट तर झालं नाही ना? असं मी स्वतःशी म्हणत होतो. स्वतःशीच आधी, हे तेच तर म्हणाले होते.

मे महिन्यात, भर दुपारी, डोक्याला दुपट्टा गुंडाळून ते दारात उभे राहिले. मी न्हाणीमागे पाणी ओतत होतो. त्यांनी खिशातून पत्र काढून दिलं. दीपस्तंभवाल्यांचं उत्तर होतं, फार सभ्य. आपल्या पत्राबद्दल आभार. इतक्या काळजीनं लिहिलेला अहवाल आमच्याकडे क्वचितच येतो. परंतु कळवण्यास खेद होतो की नवा खांब उभारायचा असल्यानं त्या संपूर्ण आठवड्यात आमचं यंत्र बंद होतं. शिवाय ते मोटरवर चालतं, त्याचा वेग कमी होणं संभवत नाही.

मी पत्र दोनदा वाचलं. बादली हातात तशीच. हीच वेळ होती. सांगायला यापेक्षा चांगली वेळ कुणाच्या आयुष्यात येत नाही. मी तोंड उघडलंही.

पण ते आधी बोलले. म्हणाले, “माफ करा, मास्तर. तुमची सही फुकट गेली. माह्या मनात इतकं भरलं होतं थे, का कानानंच बनवून देल्लं. तुमी भले मानूस, माह्या मनाले बरं वाटावं म्हनून हो हो म्हनलं.”

पाहिलंत? त्यांनी माझ्यासाठी सबबही तयार करून आणली होती, अकोल्याहून, उन्हातून. माझ्या सबबीपेक्षा किती चांगली. मी फक्त मान हलवायची होती.

मी मान हलवली.

हे माझं पाप. दीपस्तंभ ऐकला म्हणालो ते नव्हे, पोळपाट फिरवला तेही नव्हे. त्यावर आपण दोघं हसू, मीही हसतो. पण त्या दुपारी मी मान हलवली. एका माणसाचा कान सोन्यासारखा होता, आणि तो पितळेचा आहे असं मी त्याला पटू दिलं, कारण त्यात माझी अब्रू वाचत होती. त्यांनी पाण्याचा पेला घेतला, बायकोला नमस्कार केला, आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. बायको दाराआडून सगळं ऐकत होती. त्या रात्री तिनं मला वाढलं आणि स्वतः आत जाऊन जेवली. पुढे बरेच महिने तसंच चाललं.

त्यांनी पत्रकाला लिहिलं: माझी नोंद काढून टाकावी, दोष माझ्या कानांचा आहे. तसं छापून आलं. माझी नोंद राहिली. यादीतून एक नाव गेल्यामुळे मी एका जागेनं वर सरकलो.

पावसाळ्यानंतर त्यांचं कार्ड आलं, दोन ओळींचं. कानावर भरवसा राहिला नाही; तारेवर एखादा शब्द मनानं ऐकला तर गाडीवर गाडी जाईल; म्हणून तारेची किल्ली सोडली, पार्सल ऑफिसात बदली मागून घेतली. मी उत्तर लिहिलं. काय लिहिलं असेल? कानात कोमट बदामतेल टाकून पाहावं, असं लिहिलं. त्याहून नीच वाक्य मी आयुष्यात दुसरं लिहिलेलं नाही, आणि त्यात एकही शब्द उद्धट नाही.

ते कार्ड बायकोनं वाचलं. म्हणाली, “जा अकोल्याले.” एवढंच. मी रविवारी गेलो.

गाडीत बसून वाक्य पाठ केलं: तायडेबाबू, तो पोळपाट होता. चार शब्द. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं, मी म्हणत राहिलो. पार्सल ऑफिसात ते संत्र्यांच्या करंड्यांमध्ये बसले होते, पावत्यांवर शिक्के मारत. मला पाहून मनापासून हसले. चहा मागवला. रेडिओ विकला, म्हणाले. बरं झालं, पहाटे झोप मिळते. मी म्हटलं, तायडेबाबू — आणि पुढचा शब्द जुळवत होतो, तेवढ्यात भिंतीपलीकडे तारेचं यंत्र कडकडलं. ते शिक्का मारता मारता सहज म्हणाले, “पॅसेंजर चाळीस मिनिटं लेट हाय. बसा निवांत, मास्तर.”

आणि मग त्यांच्या ध्यानात आलं की आपण काय केलं. चेहरा उतरला. शिक्का खाली ठेवला आणि उठून पलीकडच्या खोलीत नव्या बाबूला विचारायला गेले. परत आले तेव्हा थोडे संकोचल्यासारखे हसत होते.

“बरोबर निंगालं,” म्हणाले. “निंगते कधी कधी.”

मी चहा प्यायलो. मुलांच्या शाळेचं विचारलं. त्यांनी बायकोसाठी सहा संत्री बांधून दिली, पावतीसकट. गाडी बरोबर चाळीस मिनिटं उशिरा आली.

घरी पोचलो तेव्हा बायको ओट्यावर उभी होती. तिनं विचारलं, सांगितलं? मी म्हणालो, सांगितलं. काय म्हणाले? मी म्हणालो, हसले. तिनं माझ्या हातातली संत्री घेतली, आणि त्या रात्री कितीतरी महिन्यांनी ती आपलं ताट घेऊन माझ्या शेजारी जेवायला बसली. तायडेबाबू जाऊनही आता बरीच वर्षं झाली. तिला अजून वाटतं, मी त्यांना सांगितलं होतं.